ग्रूम्ड, प्रीनिंग, डॉल्ड अप, स्प्रूस अप... यात नक्की फरक काय?

फ्रंटडेस्क_नाशिक :

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका हॉटेलात रिसेप्शनला आहे, चार वर्षं झाली. शिक्षण सगळं सिन्नरला मराठी मीडियममधून, इंग्लिश कामावरच शिकले, पाहुण्यांशी बोलताना आता अडत नाही पण लिहायचं म्हटलं की अजून हात थांबतो. आमच्याकडे दर महिन्याला नवीन ट्रेनी मुलामुलींचा रिपोर्ट हेड ऑफिसला इंग्लिशमध्ये पाठवावा लागतो. त्यात एक रकाना ग्रूमिंगचा असतो, म्हणजे युनिफॉर्मला इस्त्री आहे का, केस नीट बांधलेत का, नखं कापलीत का, बूट पुसलेत का, मुलांची दाढी रोजच्या रोज केलेली असते का वगैरे. दर वेळी वेल-ग्रूम्ड वेल-ग्रूम्ड तेच तेच लिहायचं बरं वाटेना म्हणून या वेळी मोबाईलवर समानार्थी शब्द शोधले तर ग्रूमच्या खाली प्रीन, प्रिंप, स्प्रूस अप, डॉल अप, टिटिव्हेट अशी रांगच लागलेली.

आमच्याकडे एक मुलगी आहे, घोटीहून पहाटेची एसटी पकडून येते, सातच्या शिफ्टला उभी राहते तेव्हा साडीची एक निरी इकडची तिकडे नसते. तिच्याबद्दल मला मनापासून चांगलं लिहायचं होतं. मी लिहिलं, 'शी इज ऑलवेज प्रीनिंग अँड लुक्स डॉल्ड अप ॲट द डेस्क.'

झालं उलटंच. तिकडून मॅडमचा फोन थेट तिलाच आला, की ड्युटीच्या वेळी आरशासमोर का असतेस आणि मेकअप एवढा का करतेस. ती पोर रडायला लागली, तिला कळेचना आपण काय केलं. मी लगेच फोन करून सांगितलं की चूक माझ्या शब्दाची आहे, तिची नाही, पण मला लेखी दुरुस्ती पाठवायची आहे आणि या वेळी एकही शब्द चुकायला नको आहे. म्हणून विचारते, हे सगळे शब्द एकाच यादीत असतात तर मग फरक कुठे पडतो? कुणी नीट समजावून सांगेल का?

*

वर्गातला_फळा :

ताई, तुम्ही लगेच फोन करून सांगितलंत हे फार चांगलं केलंत. मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला इंग्रजी शिकवतो, एकवीस वर्षं झाली, आणि समानार्थी शब्दांच्या यादीने घात केलेली पोरं दर वर्षी बघतो. यादी फक्त एवढंच सांगते की हे शब्द एका गल्लीत राहतात, कुणाचं कुणाशी पटतं ते सांगत नाही.

आपल्या मराठीतच बघा ना. आवरणं, तयार होणं, नटणं, सजणं, नट्टापट्टा करणं, मुरडणं. 'आवरलं का गं तुझं?' असं आई विचारते त्यात काही वावगं नाही. पण 'झाला का तुझा नट्टापट्टा?' असं विचारलं की त्यात टोमणा आला, बाहेर रिक्षा ताटकळत उभी आहे हेही आलं. काम तेच, वेणीफणी पावडर कुंकू, पण बोलणाऱ्याचं मन वेगळं. आणि 'नटमोगरी' म्हटलं की संपलंच. तुम्हाला लिहायचं होतं 'नीटनेटकी, टापटीप' आणि लिहिलं गेलं 'सारखी मुरडत असते आणि बाहुलीसारखी नटून बसते'. मॅडमना तेच ऐकू गेलं, त्यांचीही फार चूक नाही म्हणता येणार, फक्त मुलीला फोन करण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं.

आता एकेक.

वेल-ग्रूम्ड : केस, नखं, दाढी, त्वचा, कपडे यांची नियमित निगा. यात कौतुक आहे पण ते शिस्तीचं, रूपाचं नाही. दिसायला साधा माणूसही वेल-ग्रूम्ड असू शकतो आणि देखणा माणूस अजिबात नसू शकतो.

वेल-ड्रेस्ड : फक्त कपड्यांपुरतं. उत्तम सूट घातलाय आणि नखात मळ आहे, तर वेल-ड्रेस्ड आहे पण वेल-ग्रूम्ड नाही.

नीट आणि टायडी : हे दोन्ही चालतात, साधे आहेत, रिपोर्टला तर फारच चांगले. टायडी हा शब्द टाईड म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या 'वेळ' या अर्थाच्या शब्दावरून आलाय, आधी अर्थ होता वेळच्या वेळी, मग झाला व्यवस्थित. वेळेवर येणारी आणि व्यवस्थित असणारी अशी तुमची ट्रेनी आहे, तिला तर अगदी शोभतो.

ड्रेस अप : खास प्रसंगासाठी नटणं, लग्नाला वगैरे. रोज कामावर येताना आपण गेट ड्रेस्ड करतो, ड्रेस अप नाही. 'आय ड्रेस अप ॲट सिक्स अँड गो टु स्कूल' हे वाक्य मी किती वह्यांत खोडलंय त्याला गणती नाही.

प्रीनबद्दल पक्षीवाल्यांनीच सांगावं, इथे आहेत एक जण.

*

सातभाई_बघणारा :

आहे आहे. प्रीन हा मुळात पक्ष्यांसाठीचा शब्द, म्हणजे चोचीने पिसं साफ करणं, विंचरणं, आणि मला हे सांगायला फार आवडतं कारण माणसाने हा शब्द उगाच बदनाम केलाय.

पक्ष्याच्या शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला एक तेलाची गाठ असते (सगळ्या पक्ष्यांना नसते पण बहुतेकांना असते), तिथे चोच घासून तो तेल घेतो आणि मग एकेक पीस चोचीत धरून मुळापासून टोकापर्यंत ओढत नेतो. पिसाला मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना बारीक तंतू असतात आणि त्या तंतूंना अजून बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकले की पिसाचं सलग पातं तयार होतं. आकडे सुटले की पीस विस्कटतं, चोचीतून ओढलं की परत अडकतात, बॅगेच्या चेनसारखं. पडलेलं कावळ्याचं पीस कधी हातात घेऊन करून बघा, बोटाने उलटं फिरवलं की फाटल्यासारखं दिसतं आणि मग चिमटीत धरून खालून वर ओढलं की परत सांधतं. शिवाय पिसांत उवा गोचिडं असतात ती निघतात. हे न करणारा पक्षी नीट उडू शकत नाही, पावसात भिजून गारठतो. म्हणजे त्याच्यासाठी हे जगण्याचं काम आहे.

आमच्या घरामागे शेवग्याच्या झाडावर सातभाई येतात, पाण्यात डुंबून झालं की एका फांदीवर खेटून बसतात, एक जण मान खाली घालतो आणि शेजारचा त्याच्या मानेवरची पिसं चोचीने विंचरून देतो. स्वतःची चोच स्वतःच्या मानेला पोचत नाही ना, म्हणून. मग अदलाबदल. पाच पाच मिनिटं चालतं हे.

माणसासाठी वापरला की मात्र अर्थ फिरतो. अंग फुगवून, मान वळवून, स्वतःतच गुंग होऊन पिसं सारखी करणारा पक्षी डोळ्यासमोर आणायचा आणि तसा माणूस आरशासमोर उभा करायचा, म्हणजे प्रीनिंग. त्यात 'स्वतःवर खूष आहे' हा अर्थ येतोच येतो. पुढे तर आरसा नसला तरी चालतो, एखाद्याने बक्षीस मिळाल्यावर मिरवलं तरी त्याला प्रीनिंग म्हणतात. तेव्हा रिपोर्टात नकोच.

*

पेठेतला_पाव्हणा :

मला तर वाटतं एवढं काही नसतं, ग्रूमिंग काय नि प्रीनिंग काय, शेवटी छान दिसणं. समोरच्याने समजून घ्यायला पाहिजे होतं.

*

खरारा :

नाही दादा, सेम नाही. आणि ज्या पोरीला ऐकून घ्यावं लागलं तिला विचारा एवढं काही असतं का.

ग्रूम शब्दावर मला बोलायचंय कारण आमचं घर त्यावर चाललं. माझे वडील सईस होते, रेसकोर्सवर, पावसाळ्यात पुण्याला आणि थंडीत महालक्ष्मीला, घोडे जातील तसं बिऱ्हाड. इंग्लिशमध्ये सईसाला ग्रूम म्हणतात. जुन्या मराठीत मोतद्दार. घोड्याला ग्रूम करणं म्हणजे आपल्याकडचा खरारा करणं. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. सकाळी अंधार असतानाच आधी खरारा घेऊन गोल गोल फिरवायचे, त्याने आतली धूळ, सुटलेले केस वर येतात, मग ब्रश केसांच्या दिशेने, मग ओल्या फडक्याने डोळे, नाकपुड्या पुसायच्या, मग पाय उचलून खुरातली माती खडे काढायचे. शेवटी ब्रश खाली ठेवून ते नुसत्या हाताने चारी पायांवरून वरून खाली हात फिरवायचे, डोळे मिटून. लहानपणी मला वाटायचं लाड करतात. ते बघत असायचे कुठे गरम लागतंय का, सूज आहे का. खोगिराखाली मातीचा एक खडा राहिला तरी पाठीला जखम होते.

मला वाटतं ग्रूमिंगचा खरा अर्थ हा आहे. निगा राखणं. घोडा चमकतो तो निगा राखल्यामुळे, चमकावा म्हणून कुणी खरारा करत नाही. म्हणून ताई, तुम्ही पहिला जो शब्द वापरत होता वेल-ग्रूम्ड, तोच बरोबर होता. तेच तेच लिहिलं तरी काही बिघडत नाही.

*

वर्गातला_फळा :

खरारा, हात फिरवून बघण्याचं वाचून थांबलो क्षणभर. उद्या वर्गात सांगणार हे, तुमची परवानगी गृहीत धरतो.

त्याला जोडून. ग्रूम म्हणजे इंग्रजीत आधी नुसता पोरगा, मग नोकर, मग घोड्यांची देखभाल करणारा नोकर, आणि त्याच्यावरून क्रियापद झालं. घोड्यावरून ते माणसावर आलं. नवरदेवाला ब्राइडग्रूम म्हणतात त्याचा मात्र या घोडेवाल्या ग्रूमशी मुळात संबंध नाही. जुन्या इंग्रजीत गुमा म्हणजे पुरुष, ब्राइडचा गुमा तो ब्रिडगुमा. गुमा शब्द वापरातून गेला, लोकांना कळेना हा काय, मग सोळाव्या शतकाच्या सुमारास त्याच्या जागी ओळखीचा ग्रूम येऊन बसला. लग्नाच्या जाहिरातीत 'वेल-ग्रूम्ड ग्रूम' कुणी लिहिलं तर हे दोन वेगळे ग्रूम शेजारी बसलेत असं समजायचं.

*

लेस्टरहून_मावशी :

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे, केअर होममध्ये काम करते, त्यामुळे म्हाताऱ्या इंग्लिश बायकांचे शब्द रोज कानावर पडतात. दोनतीन गोष्टी सांगते.

डॉल्ड अप : डॉल म्हणजे बाहुली (आणि डॉल हे मुळात डोरोथी नावाचं लाडकं रूप). आमच्या इथल्या एक आजी, नव्वदी पार, शनिवारी मुलगा भेटायला येतो तेव्हा लिपस्टिक लावून, मोत्यांची माळ घालून बसतात आणि मला म्हणतात, 'आयम ऑल डॉल्ड अप टुडे.' किती गोड वाटतं. स्वतःबद्दल किंवा जवळच्या मैत्रिणीबद्दल चालतं ते, मजेत. पण हाताखालच्या माणसाबद्दल कागदावर लिहिलं की अपमान होतो. तेव्हा फळासर म्हणाले ते बरोबर आहे पण शब्द वाईट नाही हो, जागा चुकली.

टिटिव्हेट : हाही जुन्या बायकांचा शब्द, शेवटचा हात फिरवणं, केस जरा सारखे करणं, पावडरचा पफ लावणं. टायडीवरूनच बनवलाय म्हणतात. पण लिहू नका बरं का, टिटिलेट नावाचा याच्यासारखाच दिसणारा शब्द आहे, त्याचा अर्थ चाळवणं, उत्तेजित करणं, आणि लोक दोन्हींत गोंधळ करतात.

प्रिंप : आरशासमोर उभं राहून हे ओढ ते सारखं कर, बट इकडे घे तिकडे घे. प्रीनपेक्षा जरा हलका, पण कौतुक त्यातही नाही.

स्प्रूस अप : हा मला आवडतो. स्वच्छ करून ठाकठीक करणं. माणसालाही चालतो, खोलीलाही. 'स्प्रूस अप द लॉबी' म्हणजे दिवाळीआधी लॉबी टकाटक करणं. प्रशियाला इंग्रज पूर्वी स्प्रूस म्हणायचे, तिथून येणाऱ्या चांगल्या चामड्याच्या जाकिटांवरून हा शब्द आला असं इथे सांगतात.

स्मार्ट : ताई, हा तुमच्या फार कामाचा. इंग्लंडमध्ये स्मार्ट म्हणजे टापटीप, नीट कपडे केलेला. आपण मराठीत 'काय स्मार्ट दिसतोयस' म्हणतो तो हाच अर्थ. अमेरिकेत मात्र स्मार्ट म्हणजे हुशार. आणि होमली? आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत होमली म्हणजे घर सांभाळणारी, कौतुकाने लिहितात, अमेरिकन माणूस वाचेल तर म्हणेल ही मुलगी दिसायला बरी नाही असं आईबापच का छापतायत.

आता एक गंभीर गोष्ट, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली कारण ती विसरू नये. ग्रूम हे क्रियापद माणसाला कर्म करून वापरताना फार जपा. इथे 'ग्रूमिंग' म्हटलं की बातम्यांमध्ये त्याचा अर्थ लहान मुलांचा हळूहळू विश्वास मिळवून, भेटवस्तू देऊन, त्यांचं लैंगिक शोषण करण्याची तयारी करणं. मी पुण्याला आले होते तेव्हा एका क्लासच्या बोर्डवर वाचलं, 'वुई ग्रूम युअर चिल्ड्रन.' अंगावर काटा आला. त्यांना म्हणायचं होतं की आम्ही मुलांचं व्यक्तिमत्त्व घडवतो. तुमच्याकडेही ट्रेनी अठरा एकोणीसची मुलं असतील, तर 'आय ग्रूम द ट्रेनीज' असं कुठेही लिहू नका, 'आय ट्रेन देम' लिहा. 'शी इज वेल-ग्रूम्ड' मात्र बिनधास्त लिहा, त्यात काही नाही. 'बीइंग ग्रूम्ड फॉर मॅनेजर' म्हणजे मॅनेजरच्या पदासाठी तयार केलं जातंय, हेही इथे चालतं पण मी टाळते.

*

हिंजवडीकर :

मावशींच्या मुद्द्याला आमच्या आयटीतलं उदाहरण. आम्ही करायच्या कामांच्या यादीवर टीमने बसून जी साफसफाई करतो त्याला बॅकलॉग ग्रूमिंग म्हणायचो, २०१३ मध्ये स्क्रम गाइडमधूनच (आमच्या या कामाच्या पद्धतीची नियमपुस्तिका) तो शब्द काढून रिफाइनमेंट केला. आमच्या टीममध्ये अजून जुने लोक ग्रूमिंगच म्हणतात, पण एकदा यूकेच्या क्लायंटसमोर म्हटल्यावर तिकडची बाई गप्प झाली होती, तेव्हा कुणी तरी समजावून सांगितलं. तेव्हापासून मी तरी म्हणत नाही.

*

फ्रंटडेस्क_नाशिक :

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. खरारा दादा, तुमच्या वडिलांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मीसुद्धा ट्रेनींना शिफ्टच्या आधी रांगेत उभं करून बघते, आता लक्षात आलं की नखं नि बूट बघता बघता कुणाच्या पायाला बूट चावलाय, कुणाचे डोळे जागरणाने लाल झालेत हेही बघायला हवं.

अजून एक विचारू का? मुलांच्या बाबतीत मी लिहिलं होतं, 'ही हॅज कट हिज हेअर फ्रॉम सलून.' तेही चुकलं का?

*

वर्गातला_फळा :

चुकलं म्हणजे, 'ही कट हिज हेअर' म्हटलं की त्याने स्वतःच कात्री घेऊन कापले असा अर्थ होतो. दुसऱ्याकडून करून घेतलं की 'ही हॅड हिज हेअर कट' किंवा सरळ 'ही गॉट अ हेअरकट'. तसंच 'हॅड हिज बिअर्ड ट्रिम्ड'. ट्रिम म्हणजे कडा सारख्या करणं, शेव्ह म्हणजे सगळी काढणं, हे दोन मुलांना रिपोर्टमध्ये वेगळे लिहावे लागतील. आणि सलून मराठीत बिनधास्त म्हणा, पाटीवर पिढ्यान् पिढ्या लिहिलंय, पण इंग्रजी स्पेलिंग करताना एकच ओ घाला. दोन ओ घातले की अमेरिकेत तो दारूचा गुत्ता होतो. दोन्ही शब्द एकाच फ्रेंच शब्दावरून आलेत, घरातला बैठकीचा मोठा दिवाणखाना, पण आता वाटा वेगळ्या झाल्यात. 'कटिंग'सुद्धा आपलंच, इंग्रजीत त्याचा अर्थ गुलाबाची लावायची फांदी नाहीतर पेपरातलं कात्रण.

*

लेस्टरहून_मावशी :

शब्दांच्या वाटेवरून आठवलं, शाम्पू आपल्याकडून गेलाय बरं. चांपणं, चंपी, त्यातला. पाटण्याचे शेख दीन महंमद म्हणून होते, त्यांनी इथे ब्रायटनला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केलं, त्या मालिशला शाम्पूइंग म्हणायचे, राजा चौथा जॉर्ज त्यांच्याकडून मालिश करून घ्यायचा. अर्थ डोकं धुण्यावर नंतर सरकला. इथे दुकानात बाटल्यांची रांग बघते तेव्हा मला आईने खोबरेल तेल जिरवून दिलेलं डोकं आठवतं. विषयाला सोडून आहे, पण लिहावंसं वाटलं.

*

पेठेतला_पाव्हणा :

मी वर एवढं काही नसतं म्हणालो ते मागे घेतो. बोर्डवरच्या वाक्याचं वाचल्यावर पटलं.

*

फ्रंटडेस्क_नाशिक :

मेल लिहिला. मराठीत सांगते काय लिहिलंय ते. 'मागच्या रिपोर्टमध्ये मी दोन चुकीचे शब्द वापरले. त्यांचा अर्थ मला माहीत नव्हता. ही ट्रेनी रोज पावणेसातला हजर असते, तिची साडी, केस, नखं, बूट याबद्दल मला चार महिन्यांत एकदाही काही सांगावं लागलेलं नाही. ड्युटीवर मी तिला आरशासमोर कधीही पाहिलेलं नाही. कृपया जुनं वाक्य रेकॉर्डमधून काढावं आणि त्या जागी पुढचं वाक्य घ्यावं.' आणि पुढे इंग्लिशमध्ये, 'शी इज पंक्च्युअल, नीट अँड वेल-ग्रूम्ड.' फळासर, टायडी पण घालणार होते, पण नीट आणि टायडी दोन्ही कशाला म्हणून काढला.

पाठवण्याआधी तिला बसवून वाचून दाखवला. तिने प्रीनिंग म्हणजे काय ते विचारलं, मी तुमचं सातभाईचं सगळं सांगितलं. ती म्हणाली आमच्याकडे पण येतात ते, एकमेकांच्या उवा काढत बसतात असं आजी म्हणते. मग मेल पाठवला.